घरच्या सीएनसी राउटरसाठी मोटर, ड्रायव्हर आणि पॅनेल: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सांगाडा उभा राहिला. ४०८० ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, २० मिलिमीटरचे लिनियर रेल, कामाची जागा ६०० बाय ८०० मिलिमीटर. पुण्यात धायरीच्या शेडमध्ये बाबांचं सुतारकामाचं टेबल भिंतीला सरकवून मशीनला जागा केली. बाबांनी गॅन्ट्री (मशीनचा सरकता पूल) हाताने पुढे-मागे ढकलून पाहिली आणि म्हणाले, "पाण्यासारखी जाते रे." काटकोन जुळवायला तीन रविवार गेले होते, त्यामुळे ऐकून बरं वाटलं.

मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारा राउटर, कशासाठी आहे ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी खरेदी त्यावरूनच ठरणार आहे. देव्हाऱ्याच्या सागवानी जाळ्या, जाडी १२ ते १८ मिलिमीटर. कापायचा बिट ६ मिलिमीटरचा, बारीक नक्षीला ३ चा. कधीमधी ॲल्युमिनियमची पट्टी. स्टील अजिबात नाही.

तिन्ही अक्षांना (एक्स आणि वाय आडवे, झेड वर-खाली) १६१० बॉल स्क्रू (मोटरची फेरी सरळ चालीत बदलणारे) घेतलेत, म्हणजे व्यास १६ आणि एका फेरीत १० मिलिमीटर सरकणार. एकाच लॉटमध्ये मिळाले म्हणून तिन्हीकडे तेच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी. तिळगूळ वाटून झाल्यावर वही घेऊन बसलो.

गॅन्ट्री, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर), प्लेट सगळं धरून सरकणारं वजन १८ किलो. सागात ६ मिलिमीटरचा बिट चालताना पुढे ढकलायला लागणारा जोर मी सढळ हाताने १५० न्यूटन धरला, म्हणजे साधारण १५ किलो. १० मिलिमीटरच्या स्क्रूवर, कार्यक्षमता ९० टक्के धरून, त्यासाठी ०.२७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. बेअरिंगचं आणि नटचं घर्षण, शिवाय वेग घेताना लागणारा थोडा, असं मिळून ०.३५. त्याच्या दुप्पट मोटरकडे हवा: ०.७ न्यूटन-मीटर. पण हा टॉर्क मोटर उभी असताना नको, धावताना हवा. रिकामी चाल मिनिटाला ५००० मिलिमीटर ठेवायची आहे, म्हणजे मोटर ५०० आरपीएमवर (मिनिटाला ५०० फेऱ्या). तर गरज एका ओळीत मावते: ५०० आरपीएमला ०.७ न्यूटन-मीटर.

याच हिशेबात एक गोष्ट सापडली, ती मला माहीत नव्हती. १८ किलोची गॅन्ट्री स्क्रूमधून मोटरला किती जड लागते ते काढलं. जडत्व आलं सुमारे ४५५ ग्रॅम-चौरस सेंटिमीटर. मग ८०० मिलिमीटर लांबीच्या स्क्रूचं स्वतःचं काढलं, तर ते ४०० आलं! मोटरच्या रोटरचं पत्रकावर ४८० च्या आसपास आहे. म्हणजे वेग घेताना मोटरची मेहनत तीन जवळपास सारख्या वाट्यांत जाते: एक गॅन्ट्रीला, एक स्क्रूला, एक स्वतःलाच. गॅन्ट्री हलकी करायला प्लेटला भोकं पाडणार होतो, तो बेत रद्द.

१९ जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आलो. पासोड्या विठोबापाशी गाडी लावायला जागा मिळाली नाही, लांब लावून चालत गेलो. तीन दुकानं केली. मोटर कुठेही मागितली की पहिला प्रश्न एकच: "किती किलोची?" किलो म्हणजे किलो-सेंटिमीटर, आणि तो आकडा होल्डिंग टॉर्कचा. मोटर जागेवर उभी आहे, पूर्ण करंट चालू आहे आणि बाहेरून कुणी जोर लावून तिला फिरवू पाहतंय, तेव्हाचा. राउटर उभा राहून लाकूड कापत नाही. त्यामुळे या आकड्यावरून मोटर निवडणं मला पटत नाही.

एका दुकानात नेमा ३४ दाखवली, ८५ किलोवाली. "साहेब, ही घ्या, डोळे झाकून चालेल." हातात घेतली तर पाट्यासारखी जड. मोह झाला हे खरं. पण पत्रकावर रोटरचं जडत्व २७०० होतं. माझी गॅन्ट्री, स्क्रू आणि छोटी मोटर मिळून होतात त्याच्या दुप्पट ही एकटी. शिवाय तिला करंट जास्त, व्होल्टेज जास्त, ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा डबा) मोठा, वायर जाड. नेमाचा आकडा म्हणजे तोंडाच्या प्लेटचं माप, बाकी काही नाही: २३ म्हणजे २.३ इंच, ३४ म्हणजे ३.४ इंच. ताकद किती ते त्यातून कळत नाही.

चाचणीसाठी नेमा २३ ची एकच स्टेपर मोटर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी) घेतली. ७६ मिलिमीटर लांब, १.९ न्यूटन-मीटर (गल्लीच्या भाषेत १९ किलो), २.८ अँपिअर, १.१ ओहम, वाइंडिंगचं इंडक्टन्स ३.६ मिलिहेन्री. शेवटचा आकडा मी मागून मागून पत्रकात शोधून घेतला. माझ्या लेखी या मोटरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच.

२२ जानेवारी, बुधवार

जुन्या बाजारातून दोन स्प्रिंगचे काटे आणले, दहा-दहा किलोचे. घरी पाच किलोचं वजन लावून पाहिलं, दोन्ही बरोबर दाखवतात.

२६ जानेवारी, रविवार

आज मोटरची परीक्षा. शाफ्टवर ५० मिलिमीटर व्यासाची पुली बसवली, तिच्यावरून नवारीची पट्टी टाकली आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना काटे अडकवले. मोटर फिरत असताना एक टोक हळूहळू ताणत जायचं. दोन काट्यांतला फरक गुणिले २५ मिलिमीटर, हा त्या वेगाला मिळणारा टॉर्क. भाच्याने त्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधला टीबी६६०० नावाचा ड्रायव्हर दिला होता, माझ्याकडे डीएम५४२ होता. वेग वाढवत नेला, आणि मोटर "किंऽऽ" करून जागच्या जागी थरथरायला लागली की आधीचा आकडा वहीत टिपायचा. स्टेपर हरली की हळू होत नाही, एकदम उभी राहते. हे हाताशी पाहिल्यावर स्टेप मिस होणं म्हणजे काय ते नीट समजलं.

डीएम५४२ वर, २४ व्होल्टला: ५०० आरपीएमवर फरक ३.३ किलो, म्हणजे ०.८ न्यूटन-मीटर. १००० आरपीएमवर १.४ किलो, म्हणजे जेमतेम ०.३४.

मग २४ आणि १२ व्होल्टचे दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय), दोघांचे आउटपुट अर्थपासून मोकळे आहेत हे मीटरने तपासून, सिरीजमध्ये जोडले. ३६ व्होल्टला: ५०० वर ४.५ किलो, म्हणजे १.१ न्यूटन-मीटर. १००० वर २.७ किलो, ०.६६.

६० आरपीएमवर मात्र दोन्ही व्होल्टेजला सहा किलोच. मोटर तीच, करंटची सेटिंग तीच, फक्त व्होल्टेज वाढवलं आणि १००० आरपीएमचा टॉर्क जवळजवळ दुप्पट झाला. पट्टीला जळका वास यायला लागला तेव्हा थांबलो.

२ फेब्रुवारी, रविवार

असं का होतं, ते आठवडाभर डोक्यात होतं. भाच्याला समजावताना मलाच स्पष्ट झालं, म्हणून लिहितो.

स्टेपरचा एक फेरा २०० पायऱ्यांचा. ५०० आरपीएमला सेकंदाला १६६७ पायऱ्या, म्हणजे एका पायरीला ०.६ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात वाइंडिंगमध्ये २.८ अँपिअर भरले पाहिजेत. पण वाइंडिंग म्हणजे कॉइल, ती करंटला एकदम आत येऊ देत नाही. ३.६ मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये २.८ अँपिअर चढायला १२ व्होल्टला ०.८४ मिलिसेकंद लागतात, २४ ला ०.४२, ३६ ला ०.२८. म्हणजे १२ व्होल्टवर ५०० आरपीएमला करंट पूर्ण चढायच्या आतच पुढची पायरी येते. १००० आरपीएमला पायरी ०.३ मिलिसेकंदाची, तिथे २४ हरतं आणि ३६ काठावर तरतं. मोटर फिरताना स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते, ते या हिशेबात धरलेलंच नाही. प्रत्यक्षात चित्र याहून थोडं वाईटच असतं.

मोटरवर लिहिलेलं व्होल्टेज (२.८ गुणिले १.१, म्हणजे ३ व्होल्टच्या आसपास) पाहून घाबरायचं कारण नाही. ड्रायव्हर करंट मोजून कापत राहतो. जास्तीत जास्त किती व्होल्टेज द्यावं याचा चालत आलेला ठोकताळा असा: मिलिहेन्रीचं वर्गमूळ गुणिले ३२. माझ्या मोटरला ६० व्होल्ट. त्यापुढे टॉर्कपेक्षा उष्णताच जास्त.

भाच्याचा ड्रायव्हर उघडून पाहिला. डब्यावर टीबी६६०० आणि आत तोशिबाचीच पण वेगळी, टीबी६७एस१०९ नावाची चिप. हे सर्रास होतं असं कळलं. चिप वाईट नाही, पण डब्यावरचे अँपिअर तिच्याकडून मागू नयेत. शिवाय कमी वेगाला मोटर गुरगुरते आणि टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरतो. डीएम५४२ वर तीच मोटर त्याच वेगाला शांत. चार डीएम५४२ घेणार.

क्लोज्ड लूपचाही, म्हणजे जागा मोजणारा एन्कोडर लावलेल्या मोटरचाही, विचार केला. एका जोडीच्या पैशांत साध्या जवळपास दोन जोड्या येतात. एन्कोडरमुळे मोटर हरली हे कळतं आणि मशीन थांबतं, हे चांगलंच आहे. पण कमी पडणारा टॉर्क तो आणून देत नाही. मला गरजेच्या दीडपट टॉर्क हातात दिसतोय, तेव्हा साध्याच घेतो.

९ फेब्रुवारी, रविवार

पॉवर सप्लाय: ३६ व्होल्ट, ९.७ अँपिअर, ३५० वॉट. चार मोटर (वाय अक्षाला दोन्ही बाजूंना एकेक), प्रत्येकीच्या रेटेड करंटच्या दोन-तृतीयांश धरला की साडेसात अँपिअर होतात.

४८ व्होल्ट का नाही? डीएम५४२ ची मर्यादा ५० आहे. गॅन्ट्री एकदम थांबते तेव्हा मोटर क्षणभर जनरेटर होते आणि व्होल्टेज सप्लायकडे परत ढकलते. दोन व्होल्टची फट मला पुरेशी वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कंट्रोलर: अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. मायक्रोस्टेप (एका पायरीचे भाग) ८, म्हणजे फेरीला १६०० पल्स, मिलिमीटरला १६०. ५००० च्या चालीला सेकंदाला १३,३३३ पल्स होतात. जीआरबीएल ३०,००० पर्यंत निभावतं, म्हणून पुरेसं. मायक्रोस्टेप ३२ केलं असतं तर ५३ हजार झाले असते आणि हाती काही लागलं नसतं. मायक्रोस्टेपने चाल गुळगुळीत होते, तेवढ्या पटीत अचूकता वाढत नाही.

दोन अडचणी आल्या. वायच्या दोन्ही ड्रायव्हरना एकाच पिनवरून पल्स जाते. प्रत्येकाच्या इनपुटचा ऑप्टो १० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे पिनवर २०. पिन लगेच मरणार नाही, पण रोज तासन्‌तास मला ते नको, म्हणून मध्ये ७४एचसीटी२४५ चा बफर टाकला. दुसरी म्हणजे शील्डवर (अर्डुइनोवर बसणाऱ्या बोर्डवर) छापलेली नावं जीआरबीएलच्या जुन्या आवृत्तीची आहेत. नव्या आवृत्तीत झेडची लिमिट आणि स्पिंडलची पिन यांची अदलाबदल झाली आहे. अर्धा दिवस झेडचं होमिंग (लिमिट स्विचपर्यंत जाऊन शून्य ठरवणं) का होत नाही ते शोधत होतो.

२ मार्च, रविवार

पॅनेल झालं. बाबांनी प्लायचा मागचा बोर्ड कापून दिला, डबा पत्र्याचा. डाव्या कडेला २३० व्होल्ट, एमसीबी आणि व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). उजव्या कडेला ड्रायव्हर आणि अर्डुइनो. दोघांच्या मध्ये हातभर मोकळी जागा मुद्दाम ठेवली आहे.

करंटच्या स्विचबद्दल एक गोष्ट. ड्रायव्हरवर पीक (कमाल) आणि आरएमएस (परिणामी सरासरी) असे दोन रकाने छापलेले असतात. मी ३.३१ पीक, म्हणजे २.३६ आरएमएस लावलं. दोन तास सलग चालवल्यावर मोटरच्या अंगावर ६२ अंश. हाताला चटका बसतो, पण वाइंडिंगचं इन्सुलेशन बी क्लासचं, १३० अंशांपर्यंतचं आहे. एप्रिल-मेमध्ये शेडचा पत्रा तापेल, तेव्हा पुन्हा मोजणार.

स्पिंडल ८०० वॉटचा, ईआर११ कॉलेट (बिट धरणारी पकड). व्हीएफडीला वायर जोडण्याआधी बेस फ्रीक्वेन्सी ५० वरून ४०० हर्ट्झ केली. हे विसरून चालणार नाही. दोन पोलचा स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम फिरतो. बेस ५० वर राहिली तर पूर्ण व्होल्टेज ५० हर्ट्झलाच मिळतं आणि वाइंडिंग जळतं.

९ मार्च, रविवार

आजचा दिवस अवघड गेला. होमिंग व्यवस्थित, तिन्ही अक्ष व्यवस्थित, आणि स्पिंडल चालू केला की अलार्म १, म्हणजे लिमिट स्विच लागला. गॅन्ट्री मधोमध, जवळपास कुठलाही स्विच नाही.

व्हीएफडी स्पिंडलला जे व्होल्टेज देतो ते सरळ लहरीचं नसतं. काही हजार वेळा सेकंदाला चालू-बंद होणाऱ्या तुकड्यांचं असतं. प्रत्येक तुकड्याची कड शेजारच्या वायरमध्ये टोचते. माझ्या लिमिटच्या वायरी स्पिंडलच्या केबलबरोबर एकाच केबल चेनमधून चालल्या होत्या.

पहिलं काम, लिमिटच्या वायरी वेगळ्या काढल्या. दहापैकी दहा वेळा येणारा अलार्म चार वेळा यायला लागला. मग स्पिंडलला शिल्डेड केबल टाकली, आणि टाकताना सहज मीटर लावला: प्लगची चौथी पिन आणि स्पिंडलचं अंग यांच्यात काहीच संबंध नाही! पिन आतून मोकळीच. म्हणजे गेला आठवडाभर हा धातूचा दंडगोल अर्थशिवाय फिरत होता, आणि मी त्याला हात लावून नट आवळत होतो. प्लगची वरची टोपी काढली, अंगाला स्क्रूखाली लग आवळून पिनेला वायर सोल्डर केली, पुन्हा मीटर लावला, ०.३ ओहम. स्वस्त स्पिंडल घेणाऱ्या प्रत्येकाने ही एक तपासणी आधी करावी, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

तरी दहात एकदा अलार्म यायचाच. अर्डुइनोच्या आतला पुल-अप रेझिस्टर (पिन वर ओढून धरणारा) वीस ते पन्नास हजार ओहमचा, फार ढिला. लांब वायरवर आलेला बारीकसा टोचाही त्याला खरा वाटतो. लिमिटसाठी २४ व्होल्टचे एनपीएन प्रॉक्सिमिटी सेन्सर लावले, नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. मध्ये ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा), अर्डुइनोच्या बाजूला १ किलोओहमचा पुल-अप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सेन्सरच्या केबलचं शिल्ड पॅनेलच्या टोकालाच अर्थ केलं, दुसरं टोक मोकळं.

रात्री साडेनऊला स्पिंडल वीस वेळा चालू-बंद केला. अलार्म एकदाही नाही.

२० मार्च, गुरुवार

रजा टाकून घरी होतो. गुरुवार असल्याचं लक्षात राहिलं नाही. पावणेअकराला देखभालीसाठी लाइट गेली. कापत नव्हतो, ३ मिलिमीटरचा बिट लावून वरच्या वर कोरडी चाल बघत होतो. मोटर गप्प झाल्या आणि झेड खाली यायला लागला. धाडकन नाही. लिफ्टसारखा, सावकाश, एकसारखा. मी दोन पावलांवर होतो, पोचेपर्यंत बिटचं टोक टेबलाला टेकलं आणि टक्‌ करून तुटलं.

वही काढली. झेडवरचं वजन ८ किलो. १० मिलिमीटरच्या स्क्रूवर ते मोटरला ०.११ न्यूटन-मीटरने उलटं फिरवतं. करंट नसताना ही मोटर स्वतःच्या चुंबकांच्या जोरावर साधारण ०.०७ धरते. मग येणारच खाली. जोर, वेग, जडत्व सगळं मी मशीन चालू असतानाचं मोजलं, बंद असतानाचं मोजलंच नाही. तिन्हीकडे एकच स्क्रू घेण्याची सोय इथे अंगाशी आली.

झेडला १६०५ हवा. ५ मिलिमीटरला तोच भार ०.०५६ होतो, मोटर धरून ठेवेल. झेडची चाल २५०० राहिली तरी मला चालते, आणि ५०० आरपीएमच राहत असल्यामुळे मोटरची गणितं बदलत नाहीत.

२३ मार्च, रविवार

१६०५ बसवला. व्यास तोच, त्यामुळे बेअरिंग आणि कपलिंग तेच चाललं. नटच्या कंसाची भोकं मात्र थोडी कोरावी लागली. मिलिमीटरला पल्स ३२० केल्या.

मेन स्विच बंद करून झेड मध्यावर सोडला. हलला नाही. वरून एक किलो टांगलं, हलला नाही. दोन किलोला सरकायला लागला. म्हणजे राखीव जागा दोन किलोचीच आहे. काम भागतं, पण मनाचं समाधान नाही. एक छोटा गॅस स्प्रिंग लावणार आहे.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी उभारली, मग मशीनला हळदकुंकू लावलं.

आधी डायल लावून तपासलं. एक्स आणि वाय ५००० च्या चालीने कोपऱ्यातून कोपऱ्यात दोनशे फेऱ्या मारून जागेवर आणले. डायलचा काटा दोन घरं सरकला, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. एक पायरी चुकली असती तरी यापेक्षा जास्त दिसलं असतं.

मग पहिली खरी जाळी. भवानी पेठेतून आणलेला १२ मिलिमीटरचा साग, ६ चा बिट, १८,००० आरपीएम, चाल १८००, एका थराला ३ मिलिमीटर, चार थर. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, कुठेही मोटर कण्हली नाही. पस्तीस मिनिटं लागली. पूर्ण वेळ मी इमर्जन्सी बटणापाशी उभा होतो.

बाबांनी जाळी उचलून दारात उजेडात धरली. एकेका छिद्रातून करंगळी फिरवली. मग म्हणाले, "रेषा चांगल्या आल्यात. पण आतले कोपरे सगळे गोल झालेत, जाळीचा जीव कोपऱ्यात असतो." ६ चा बिट आत ३ च्या त्रिज्येचाच कोपरा सोडणार, ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, टेबलाच्या खणातून पाव इंची पटाशी काढली, दगडावर दोनदा फिरवली आणि पहिला कोपरा उघडायला बसले. एका जाळीत अशी ९६ छिद्रं आहेत. उद्या ३ च्या बिटने फक्त कोपऱ्यांचा वेगळा फेरा करून बघतो, म्हणजे त्यांना काढायला थोडंच उरेल.